माग थांबल्यावर

आमच्या बालवाडीची आणि शेजारच्या टॉवेलच्या कारखान्याची एक भिंत सामाईक आहे. भिंतीपलीकडे बारा यंत्रमाग. सकाळी ते सुरू झाले की आमच्याकडचा अंकांचा तक्ता खिळ्यावर थरथरायला लागतो, तो संध्याकाळपर्यंत थरथरतच असतो. नवीन माणूस दोन मिनिटांत कपाळाला हात लावतो. आम्हाला सवय झाली आहे. आम्ही घरी गेलो तरी ओरडूनच बोलतो, आणि माझा आवाज तर मुळात माहेरच्या मंद्रूप गावचा, या बांधावरून त्या बांधावर जाणारा.

सोलापूरच्या या भागात कामाला जाणाऱ्या बायका सकाळी नऊला मुलं आमच्याकडे सोडतात आणि सहाला घेऊन जातात. गाणी, खेळ, दुपारची खिचडी आणि त्यानंतर तासभर झोप. बावीस मुलं, मी, आणि आमची मदतनीस मावशी. खिचडी करणं, मुलांचं धुणं-पुसणं आणि अधूनमधून माझी कानउघाडणी करणं ही तिची कामं. शेवटचं तिला कुणी सांगितलेलं नाही, पण ते ती सर्वांत मन लावून करते.

त्या वर्षी बालवाडी सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात नुकतीच लागली होती. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. मी सांगितलं, जागा भरल्या. तिनं हुज्जत घातली नाही, फक्त पोरीला जरा पुढं ढकललं.

"ठिवून घ्या, बाई. हिला ठिवायला जागा मिळाली न्हाय तर माझं काम जातंय. काम गेलं तर आमाला त्या घरात परत जावं लागतंय."

'त्या' म्हणताना तिचा आवाज एकदम खाली गेला. कुठलं घर, काय झालं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तिच्या मागं चार पालक उभे होते, एक मूल माझा पदर ओढत होतं, आणि मला घाई होती. मला कायमच घाई असते. मी नाव लिहून घेतलं आणि पुढच्याला हाक मारली.

पोरगी बोलायची नाही. हसायची नाही, रडायचीही नाही. आल्या आल्या मागांच्या भिंतीशी जाऊन बसायची, पाठ अगदी भिंतीला चिकटवून. दुपारी झोपायचीही तिथंच. दिवसभरात ती जागची हलायची ती फक्त मावशीकडं जाण्यासाठी. मावशी भाजी चिरत असली, भांडी घासत असली की ही चार हात अंतरावर जाऊन उभी राहायची. मी बोलावलं तर मात्र यायची नाही. मला याचा राग यायचा, हे कबूल करते. बारा वर्षं मुलं सांभाळलेल्या बाईला सोडून पोरगी भांडीवालीकडं जाते, हे मला लागायचं.

आणखी एक मी पाहिलं होतं. पलीकडं एखादा माग मध्येच अडखळला, धागा तुटून थांबला, की ती दचकायची. खांदे वर जायचे. मी त्याचा अर्थ लावला की पोरगी मागांच्या आवाजाला घाबरते.

ऑगस्टमध्ये आम्हा शिक्षिकांना एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. चहा, दोन बिस्किटं, एक फाईल आणि पुण्याहून आलेल्या एक शांत आवाजाच्या मॅडम. लहान वयात ज्या मुलांनी भयंकर काही पाहिलेलं किंवा सोसलेलं असतं, त्यांच्याशी कसं वागावं हा विषय होता. असं मूल हट्टी नसतं, घाबरलेलं असतं, असं त्या म्हणाल्या. त्याच्या उंचीला बसा. वाट अडवू नका. काही करण्याआधी काय करणार आहात ते सांगा. गोंगाट कमी करा. मूल कशानं घाबरतं ते आधी काही दिवस लिहून ठेवा आणि मगच उपाय करा. मी सगळं उतरवून घेतलं. 'गोंगाट कमी करा' याखाली दोन रेघा मारल्या. लिहून ठेवण्याच्या सूचनेखाली एकही मारली नाही. माझा स्वभावच असा, आधी करायचं आणि मग बघायचं. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

दुसऱ्याच दिवशी मी कारखान्याच्या मालकांकडं गेले. तोंडात पान, अंगात बनियन, वयानं माझ्या वडिलांएवढे. दुपारी बारा ते एक, मुलं झोपतात तेवढा वेळ माग बंद ठेवा, अशी मी विनंती केली. ते माझ्याकडं बघतच राहिले. बारा माग तासभर बंद ठेवायचे म्हणजे काय, हे त्यांनी मला बरंच समजावून सांगितलं. मीही ऐकणारी नव्हे. लहान पोरांच्या मेंदूवर आवाजाचा काय परिणाम होतो, हे मी काल शिकलेलं सगळं त्यांना ऐकवलं. शेवटी ते म्हणाले की कामगारांची जेवणाची सुट्टी पाळीपाळीनं असते, ती सगळ्यांना एकदम देतो, होऊन जाऊ दे. मी लढाई जिंकल्यासारखी परत आले. मावशीला सांगितलं तर ती नुसतीच "बरं" म्हणाली.

पहिल्या दिवशी बाराला माग थांबले. एवढी शांतता आमच्या खोलीत कधी झालीच नव्हती. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. एकवीस मुलं पटापट झोपली. मी त्या कोपऱ्याकडं कौतुकानं पाहिलं. पोरगी उठून बसली होती आणि तिच्याखालची सतरंजी ओली झाली होती.

पहिलाच दिवस आहे, होईल सवय, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी माग थांबल्याबरोबर ती लाकडी बाकाखाली गेली आणि एक वाजेपर्यंत बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. मी समजावून पाहिलं, चॉकलेट दाखवून पाहिलं, मग आवाज चढवला. त्या शांततेत माझा आवाज केवढा मोठा वाटतो, हे मला तेव्हाच कळलं. ती बाकाखाली आणखी आत सरकली.

चौथ्या दिवशी एका मुलानं तिला गंमत म्हणून पायाला धरून बाहेर ओढायला घेतलं. ती त्याच्या दंडाला चावली. रक्त आलं. मुलगा किंचाळला, बाकीची मुलं जागी होऊन रडू लागली, आणि माझं डोकं फिरलं. रागात मी माहेरच्या कानडीत जाते. "सुम्म कूड," म्हणजे गप्प बस, असं ओरडत मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि पाठीत धपाटा घातला.

हे लिहिताना मला लाज वाटते. प्रशिक्षणाची फाईल तिथंच कपाटावर होती.

ती रडली नाही. माझ्या तोंडाकडंही तिनं पाहिलं नाही. ती माझ्या हातांकडं बघत होती, आधी उजव्या, मग डाव्या. मी हात मागं घेतले तरी तिची नजर त्यांच्यामागं गेली. मावशीनं स्वयंपाकघरातून येऊन तिला उचललं आणि आत नेलं.

ज्याला ती चावली त्या मुलाची आई संध्याकाळी थेट मोठ्या बाईंकडं गेली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या संस्थेच्या मुख्याध्यापिका. कडक इस्त्रीची साडी, कमी बोलणं, आणि एकदा बोललेलं न फिरवणं. त्यांनी मला बोलावून सांगितलं की बाकीच्या एकवीस मुलांची जबाबदारी त्यांच्यावर आहे. शुक्रवारी दुपारी त्या स्वतः येऊन बसणार. पुन्हा तसंच काही दिसलं तर त्याच दिवशी पोरीचं नाव कमी करणार. तो मंगळवार होता.

बुधवारी मी भिंतीला पाठ लावून बसून राहिले.  पोरगी घड्याळ वाचू शकत नव्हती, पण पावणेबारापासून तिचं सगळं अंग कान झालं होतं. माग थांबले. ती बाकाखाली गेली, आणि थोड्या वेळानं आतून बारीक आवाज यायला लागला. खटक, खटक, खटक, खटक. ती चमचा फरशीवर आपटत होती, एका तालात, न थांबता. तो ताल मी बारा वर्षं भिंतीतून ऐकत आले होते. मला लगेच काही उमगलं नाही.

मी मावशीला विचारलं, ही आधी कधी ओली व्हायची का?

"दोनदा झालती की," मावशी म्हणाली. "दोन्ही बारीला लाईट गेलती. चड्ड्या मी धुतल्यात, मला ठाव न्हाय व्हय?"

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुमी इचारलं कुटं. खरं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

गुरुवारी संध्याकाळी पोरीची आई न्यायला आली, तेव्हा मी तिला आत बसवलं. मावशीनं पोरीला अंगणात नेलं. मोठ्या बाईंचा निरोप सांगितल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला. मग मी तिला विचारलं, जे जूनमध्ये विचारायचं राहून गेलं होतं. ते घर कुठलं, आणि तिथं काय होतं?

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग सांगू लागली. नवरा विणकर. घराच्या पुढच्या खोलीतच माग, मागं एक खोली राहायला. तो पीत होता आणि मारत होता. आधी हिला, मग पोरीलाही. गेल्या उन्हाळ्यात पोरीचा हात मोडला तेव्हा ती तिला घेऊन बाहेर पडली. दवाखान्यात मात्र जिन्यावरून पडली असं सांगितलं.

"माग चालू हाय तवर भ्या नव्हतं, बाई," ती म्हणाली. "धागा तुटतोय का बगत उभं राहायला लागतंय, हात गुंतल्यालं असायचं त्याचं. माग थांबला की हात मोकळं. माग थांबला की ही खाटंखाली जायची."

पलीकडं माग चालू होते. मी त्या आवाजात बसून राहिले आणि इतके दिवस रोज दुपारी बाराला मी काय करत होते ते एकेक करून माझ्या ध्यानात येत गेलं. मीच जाऊन ते बंद करवले होते. वाद घालून, विनवून. आणि चौथ्या दिवशी, माग थांबलेले असताना, माझाही हात मोकळाच होता.

मी तिला सांगितलं की मंगळवारी मी तुमच्या मुलीला मारलं.

"ठाव हाय," ती म्हणाली. "घरी आल्यावर पाठीला हात लावून दावलं तिनं."

"तरी पाठवलंत?"

"कुटं ठिवू मग?"

तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता. ती फक्त विचारत होती.

ती गेल्यावर मी तशीच मालकांकडं गेले. उद्यापासून दुपारी माग चालू ठेवा म्हटलं. ते पान थुंकून आले आणि माझ्याकडं एखाद्या वेड्या माणसाकडं बघावं तसं बघायला लागले. परवा लेकरांचा मेंदू बिघडत होता, आज काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी सगळं नाही सांगितलं. माझी चूक झाली एवढंच म्हणाले. हे वाक्य मला फार येत नाही, त्यामुळं ते बहुधा नीट उच्चारलं गेलं नसावं. त्यांनी मान हलवली आणि उद्या चालू राहतील म्हणाले.

शुक्रवारी मोठ्या बाई पावणेबाराला आल्या, हातात हजेरीचं रजिस्टर. दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. मुलांची खिचडी झाली होती, सतरंज्या पसरल्या होत्या. बारा वाजले. माग चालूच राहिले. पोरगी भिंतीला पाठ लावून आडवी झाली आणि पाचच मिनिटांत तिचे डोळे मिटले. मी मोठ्या बाईंकडं पाहिलं. काल संध्याकाळी मी त्यांना फोनवर सारं सांगितलं होतं. बघू, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आता त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळत नव्हतं.

बारा वाजून वीस मिनिटांनी लाईट गेली.

आमचे बारा माग थांबले, समोरचे थांबले, सगळ्या गल्लीतले थांबले. पंखा दोन गिरक्या घेऊन गप्प झाला. पोरीनं डोळे उघडले. उठून बसली. बाकाकडं जायची वाट माझ्या जवळून होती, आणि मी उभी होते. तिची नजर थेट माझ्या हातांवर आली.

ज्याला ती चावली होती तो मुलगा तिच्यापासून दोन हातांवर झोपला होता. मोठ्या बाईंनी रजिस्टर मांडीवर घेतलं. मला काहीतरी करायचं होतं, लगेच, आणि मला एवढंच कळत होतं की माझं लगेच काहीतरी करणंच आतापर्यंत नडलं आहे. जवळ घ्यायला गेले तर हात पुढं होणार. बोलले तर आवाज चढणार. मी स्वयंपाकघराकडं पाहिलं. दारात मावशी बसली होती, पुढ्यात परात, उद्याचे तांदूळ निवडत. ही पोरगी मावशीकडंच का जाते ते मला त्या क्षणी समजलं. मावशीचे हात कधीच मोकळे नसतात.

मावशीनं माझ्याकडं पाहिलं आणि परात फरशीवरून माझ्याकडं सरकवली.

"मी आता इथं खाली बसणार आहे," मी म्हटलं. जमेल तितकं हळू. "इथंच बसून तांदूळ निवडणार आहे. उठणार नाही."

मी बसले, बाकाची वाट मोकळी सोडून. तिच्याकडं पाहिलं नाही. दोन्ही हात तांदळात घातले. खडा, तूस, फुटका दाणा. खडे उजवीकडं, निवडलेले परातीच्या डाव्या कडेला. घाईत चांगले दाणेही मी खड्यांत टाकत होते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला तिचे पाय दिसत होते. ते बाकाकडं वळले होते. मग तिथंच थांबले. मुलांचे श्वास ऐकू येत होते, आणि रस्त्यावरच्या एका रिक्षाचा हॉर्न. त्या आवाजानं पाय एकदा दचकले. मी निवडत राहिले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाय एक पाऊल इकडं आले. मग आणखी एक. चार हात अंतरावर ती खाली बसली, मावशीपाशी बसायची तशी. सतरंजी कोरडी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण पुसायला हात मोकळा करायचा नव्हता, म्हणून ते तसंच गालावर राहू दिलं.

"बाई, जरा बाहेर या," मोठ्या बाई दारातून हळूच म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

त्यांनी बोलावलं की उठायचं, ही बारा वर्षांची सवय. मी परातीतून हात काढले आणि एक हात फरशीला टेकवला.

"थांबू नगा."

आवाज इतका बारीक होता की मावशी बोलली असं मला आधी वाटलं. पण मावशी तोंडावर पदर धरून बसली होती. दोन-अडीच महिन्यांत त्या पोरीच्या तोंडून आम्ही ऐकलेले हे पहिले शब्द. ती माझ्या हातांकडं बघत होती.

मी हात परत परातीत घातले. मोठ्या बाई काही क्षण उभ्या राहिल्या. मग पुन्हा खुर्चीवर बसल्या आणि रजिस्टर मिटून पायांशी ठेवलं. नाव कमी करायची गोष्ट त्यांनी त्या दिवशी काढली नाही, आणि पुढंही कधी काढली नाही.

लाईट दीड वाजता आली. त्याच्या कितीतरी आधी तांदूळ संपले होते. परातीत निवडण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि गल्ली अजून गप्प होती. मी बाजूला काढलेले खडे निवडलेल्या तांदळात परत ओतले, सगळं नीट कालवलं, आणि पहिल्यापासून निवडायला घेतलं.